मंजूर, मंजूर आणि स्टीलचे डबे

पिग्मी एजंटच्या पिशवीत काय असतं? पावतीचं मशीन, कागदाची रिळं, पाण्याची बाटली, छत्री आणि किस्से! मशीन संध्याकाळी ऑफिसात जमा करावं लागतं. किस्से कुणी जमा करून घेत नाही, म्हणून ते साठत जातात. मी ओतूरमध्ये बावीस वर्षं दारोदार फिरून रोजच्या ठेवी गोळा केल्या. एसटी स्टँडपासून कॉलेजच्या रस्त्यापर्यंत मी पाणी प्यायले नाही असं एक दुकान नसेल. लोक रोज थोडे थोडे पैसे द्यायचे, मी पावती फाडून हातात ठेवायचे आणि पैसे आमच्या पतसंस्थेत भरायचे. संस्थेचं नाव सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्या गावातही अशी एक असेलच!

मैत्रिणी म्हणतात, "सुनंदा, लोकांचे पैसे अडकले आणि तू हसत काय सांगतेस गं!" अडकले, हे खरंच आहे. पण मी रडत सांगितलं तर आमच्या चेअरमनला बरं वाटेल. तेवढं मी होऊ देणार नाही.

*

भागूबाई डोंगराकडच्या वाडीतली. आठवडे बाजाराला तांदूळ नाहीतर हिरडा घेऊन यायची, माल विकला की माझ्याकडे पैसे भरायची आणि मगच मिठाची पुडी घ्यायला जायची. तिला वाडीत भात भरडायची छोटी गिरणी टाकायची होती. वाडीतल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन खालच्या गावापर्यंत उतरतात, आणि तेवढंच ओझं घेऊन पुन्हा चढतात. "ह्या मानंनं लई सोसलं," म्हणायची. "आता मशीन सोसंल."

एकदा मला म्हणाली, "बाय, माझं पैसं कुठं ठिवत्यात ते दाव."

मी तिला आमच्या मॅनेजरकडे, दिलीपरावांकडे नेलं. दिलीपराव माणूस तसा गरीब. त्यांनी कौतुकानं तिजोरी उघडून दाखवली. आत फायली, लक्ष्मीपूजनाचा नारळ, नोटांची थोडी बंडलं आणि दुधाची एक पिशवी होती. ऑफिसात मांजर फार झालं होतं, म्हणून चहाचं दूध तिजोरीत!

"ह्यातलं माझं कुठलं?" भागूबाईनं विचारलं.

"मावशी, तुमचे पैसे असे पडून नसतात. ते कर्जाऊ जातात, व्याज घेऊन येतात. पैसा फिरत असतो."

"फिरू द्या की! आमची शेरडं बी दिसभर फिरत्यात. पर सांजच्याला मोजून आत घेतो आमी. तुमी मोजता का?"

दिलीपरावांनी तिजोरी लावून घेतली. त्या दिवशी सगळ्यांना कोरा चहा मिळाला.

*

आमच्या संस्थेची वार्षिक सभा म्हणजे मंगल कार्यालयात, जिलेबी-मठ्ठ्यासकट. दिलीपराव विषय वाचणार, हॉल "मंजूर" म्हणणार, आणि जाताना दारात प्रत्येकाला संस्थेचं नाव कोरलेला स्टीलचा डबा! हा "मंजूर"सुद्धा आपोआप येत नसे बरं का. आमचे चेअरमन अण्णा आम्हा चार एजंटांना हॉलच्या चार कोपऱ्यांत बसवायचे. "दिलीपराव थांबले की पहिला आवाज तुमचा," असा हुकूम असायचा. आमच्या मागोमाग अख्खा हॉल. मागच्या दारानं जिलेबीचा वास येत असायचा, कोण कशाला ऐकतंय!

एका वर्षी दिलीपरावांनी सुरुवातीलाच कागद उचलला. "आपल्या संस्थेचे माजी संचालक तात्या यांचं अल्पशा आजारानं दुःखद निधन झालं..." एवढं वाचून ते श्वास घ्यायला थांबले.

मी म्हणाले, "मंजूर!"

चारही कोपऱ्यांतून आलं, "मंजूर!" मग अख्खा हॉल, "मंजूर, मंजूर!"

पहिल्याच रांगेत तात्यांचा मुलगा बसला होता. मी घाबरत, वाकून त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचाही हात सवयीनं अर्धा वर गेलेला!

तेव्हा पोट धरून हसलो. आता हसू येतंच, पण लाज जास्त वाटते. इतक्या वर्षांत मी कशाकशाला मंजूर म्हणाले, ते मला आजही सांगता यायचं नाही.

*

तुम्ही म्हणाल, वर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं का? होतं की! वर्षातून एकदा ऑडिटर यायचे. त्यांना मासवडी फार आवडायची.

स्टँडच्या मागं कमळाताईंची खानावळ आहे. ऑडिटच्या दिवशी कमळाताई स्वतः मासवडीचा डबा घेऊन यायच्या आणि रस्सा ऑफिसातच गरम करायच्या. ऑडिटर साहेब रश्श्याला उकळी येईपर्यंत वह्या बघायचे. मग कमळाताईंची झडती सुरू. सारणात तीळ किती? खोबरं भाजून की कच्चं? वडी फुटत कशी नाही? एवढे प्रश्न त्यांनी एखाद्या कर्जदाराबद्दल विचारले असते तर आज मी हे सांगत बसले नसते.

दरवर्षी आमच्या संस्थेला ऑडिटमध्ये 'अ' वर्ग मिळायचा. अण्णांनी सर्टिफिकेटची फ्रेम करून काउंटरच्या वर लावली. कमळाताई एकदा पैसे काढायला आल्या आणि फ्रेमकडे बघत राहिल्या.

"ह्ये काय हाय गं सुनंदा?"

"ऑडिटचं सर्टिफिकेट, ताई. 'अ' वर्ग."

"म्हंजी माझंच हाय की! घरी नेऊ का?"

*

मग शेअर बाजाराला तेजी आली. ओतूरच्या चहाच्या हॉटेलात गिऱ्हाईक आधी मोबाईल बघायचं आणि मग चहाला फुंकर घालायचं. शाळामास्तरपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांना शेअर कळायला लागले. अण्णा म्हणाले, आपल्या सभासदांनी मागं राहता कामा नये. आणि त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. ऐन उन्हाळ्यात कोट! ठेवीदार गोळा करून आणायचं काम अर्थातच आम्हा एजंटांचं.

तो म्हणाला, "बाजारात बबल आहे, फुगा फुटणार, असं काही लोक म्हणतात. घाबरायचं नाही. फक्त होल्ड करायचं."

सदाभाऊ उठले. सदाभाऊ म्हणजे कांद्यातला जुना माणूस, माझं पहिलं खातं त्यांनीच उघडलेलं.

"सायेब, होल्ड म्हंजी आमी कांदा चाळीत ठिवतो तसंच ना? भाव यील म्हणून?"

"अगदी बरोबर, काका!"

"वरनं कांदा लालभडक दिसतो आन खालच्या थराला पाणी सुटल्यालं आसतं. आमी हात घालून बघतो. तुमच्यात हात घालायची सोय हाय का?"

हॉल हसला. सल्लागारही हसला, पण जरा उशिरा. "काका, विश्वास ठेवावा लागतो."

"ठिवू. भाव पडला तर तुमचं काय जातं?"

"आमची फी ठरलेली असते."

"आन वर गेला तर?"

"तरी तीच."

"मग तुमी आडत्याच की राव! माल चढू दे न्हाईतर पडू दे, आडत सुटत न्हाई. येवढंच व्हतं तर मघाधरनं इंग्लिश कशापायी?"

सगळ्यांत जोरात टाळ्या अण्णांनी वाजवल्या. मला वाटलं, काय खिलाडू माणूस! संस्थेचे पैसेही याच कोटवाल्याच्या हातून बाजारात गेले होते, हे मला पुढं कळलं.

*

मग निघाली प्लॉटिंगची सहल. अण्णांनी आम्हा एजंटांना आणि दिलीपरावांना जीपमध्ये घालून आळेफाट्याकडं नेलं. माळावर एक भलीमोठी कमान, तिच्यावर सिंहाची जोडी. कमानीच्या आत रस्ता नाही, विजेचा खांब नाही. पण स्विमिंग पूल कुठं होणार तिथं चुन्याची रेघ मारलेली!

"तीन वेळा व्यवहार झाला या जागेचा," अण्णा छाती काढून म्हणाले. "तीन वर्षांत भाव तिप्पट!"

जीपमध्ये दिलीपरावांनी मला खालच्या आवाजात सांगितलं होतं, की ती जागा आधी अण्णांच्या मेव्हण्यानं घेतली, त्यानं ती अण्णांच्या भाच्याला विकली आणि भाच्यानं व्याह्यांना. दर वेळी भाव वाढवून आणि दर वेळी आमच्याच संस्थेचं कर्ज काढून. मग मी विचारलं, "तुम्ही सही कशी केलीत?" दिलीपराव खिडकीबाहेर बघायला लागले.

माळावर एक मेंढपाळ काठीवर रेलून अण्णांचं भाषण ऐकत होता. त्याची मेंढरं स्विमिंग पुलात चरत होती.

"तिप्पट?" तो म्हणाला. "गवात तर त्येवढंच हाय, पावणं!"

जीपमधलं कुणी हसलं नाही. परत येताना मला पहिल्यांदा भीती वाटली. ऊस, टोमॅटो, घरं, दुकानं सगळं नेहमीसारखंच मागं जात होतं, आणि मी मनातल्या मनात माझ्या गिऱ्हाइकांची नावं घेत होते.

*

बाजार पडला. प्लॉट विकले जाईनात. गावात कुजबुज सुरू झाली तशी अण्णांनी ऑफिसवर मोठा बोर्ड लिहून घ्यायचं ठरवलं. आमच्या रमेश पेंटरला काम दिलं. रमेशचं माझ्याकडे रोजचं खातं. त्यानं शिडीवर चढून सुबक अक्षरात लिहिलं, 'अफवांवर विश्वास ठेवू नये. आपल्या ठेवी सुरक्षित आहेत.'

शेवटचं टिंब दिलं, खाली उतरला, आणि ब्रश तसाच हातात धरून काउंटरवर गेला. "माझं सगळं पैसं काढायचंत."

मी म्हणाले, "अरे रमेश, आत्ता तर सुरक्षित म्हणून लिहिलंस!"

"ताई, बावीस वरसं लिवाया लागलं न्हाई. आज का लागलं?"

रंग वाळायच्या आत त्याच्या मागं रांग लागली. त्याला मात्र पैसे मिळाले. पहिला होता ना!

*

भागूबाईच्या ठेवीची मुदत त्याच महिन्यात पुरी झाली. ती आली, तर दिलीपराव म्हणाले, "मावशी, सर्व्हर डाऊन आहे. पुढच्या बाजारी या." पुढच्या बाजारीही सर्व्हर डाऊन. तिसऱ्या बाजारी ती भाकरी बांधून आली आणि काउंटरसमोर ऐसपैस मांडी घालून बसली.

"मावशी, सर्व्हर डाऊन आहे," दिलीपराव म्हणाले.

"आसू दे. वर येवस्तर बसते."

संध्याकाळी शटर लावायच्या वेळी मी तिला उठवायला गेले. ती चिडली नव्हती, ओरडली नव्हती. फक्त म्हणाली, "बाय, मी पैसं संस्थेला न्हाई दिलं. मला काय ठावं संस्था? मी तुला दिलं."

मी घरी गेले आणि जेवले नाही. रडले, हे सांगायला मला लाज नाही. पण सकाळी उठले ती वेगळ्याच तिरीमिरीत. पावतीचं मशीन ऑफिसातून उचललंच नाही, पिशवीत कागद घातले. संस्थेची चौकशी करा असा अर्ज, आणि खाली सह्यांना जागा. रोजचाच रस्ता, रोजचीच दारं. बावीस वर्षं मी विचारत होते, "आज किती?" त्या दिवशी म्हणाले, "आज पैसे नकोत. सही द्या."

कमळाताईंनी बेसनाच्या हातानं सही केली. सदाभाऊंनी आधी अख्खा अर्ज वाचला, मग अंगठ्यानं कागद चाचपला आणि म्हणाले, "ह्यात हात घालता येतो. आण पेन." रमेशला पैसे मिळालेले, त्याचा काही संबंध नव्हता. तरी त्यानं सही केली, आणि ती इतकी देखणी की अर्जाची शोभा वाढली.

दुपारी अण्णांचा फोन आला. "सुनंदाबाई, कमिशन बंद होईल तुमचं."

"ते बंद करा हेच सांगायला येणार होते."

"लोकांकडून पैसे तुम्हीच आणलेत, विसरू नका! लोक आधी तुमच्या दारात येतील."

"त्यांनी कशाला यायचं, अण्णा? मीच चाललेय त्यांच्या दारात. रस्ता पाठ आहे माझा."

फोन ठेवला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. बोलताना आवाज थरथरला नव्हता, याचा मला आजही अभिमान आहे.

अर्ज घेऊन आम्ही सहकार खात्याच्या ऑफिसात गेलो. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत. भागूबाईनं विचारलं, "त्ये बी डाऊन हायती का?" आणि फडकं सोडून भाकरी काढली. साहेब तासाभरात वर आले!

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी एक सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायचा नाही. संस्थेवर आता प्रशासक बसलाय. भागूबाईचे निम्मे पैसे हातात आले, निम्मे यायचेत. गिरणी अजून आलेली नाही, पण वाडीत तिच्यासाठी ओटा बांधून तयार आहे. वाडीतल्या बायकांनीच बांधला. "मशीन यील तवा जागा शोधत बसायचं का?" असं भागूबाईचं म्हणणं. मी दर महिन्याला प्रशासकाच्या समोर जाऊन बसते. ते आता मला बघितलं की आपणहून फाईल काढतात.

तर ती सभा. तेच मंगल कार्यालय, तोच जिलेबीचा वास. त्या वर्षी डबा नव्हता, कुकर होता! दारातच खोकी रचून ठेवलेली. त्यावरूनच सदाभाऊंनी ओळखलं. "लई मोठ्ठं कायतरी मंजूर करायचं दिसतंय," म्हणाले. आमच्या अर्जामुळं खात्याचे एक अधिकारी स्टेजवर कडेला बसले होते आणि दारात दोन पोलीस उभे होते. अण्णांनी अधिकाऱ्यांच्या पुढ्यात जिलेबीची प्लेट सरकवली. त्यांनी ती परत सरकवली.

आम्ही चार एजंट नेहमीसारखे चार कोपऱ्यांत. कमिशन सोडलं तरी कोपरा मी सोडला नव्हता. दिलीपराव वाचत गेले. सातवा विषय आला, "संस्थेच्या हितासाठी सर्व ठेवींची मुदत पाच वर्षांनी वाढवणे."

दिलीपराव थांबले. अण्णांनी माझ्या कोपऱ्याकडं बघितलं.

मी पिशवीतून बाटली काढली आणि सावकाश पाणी प्यायले. बाकीच्या तिघांनीही तोंड उघडलं नाही. हॉलमध्ये इतकी शांतता, की मागं कढईत पडणारी जिलेबी ऐकू येत होती.

"मंजूर?" शेवटी अण्णांनी स्वतःच विचारलं.

"न्हाई," सदाभाऊ बसल्या जागेवरूनच म्हणाले. "नामंजूर."

मग माझ्या कोपऱ्यातून मी म्हणाले. मग चारही कोपऱ्यांतून आलं, आणि मग अख्खा हॉल उठला, "नामंजूर! नामंजूर!" तात्यांचा मुलगा पहिल्या रांगेत होता. यावेळी त्याचा हात पूर्ण वर होता.

आवाज ओसरला तशी भागूबाई उठली. तिच्या मागं वाडीतल्या सात-आठ बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर गोणी. त्या स्टेजवर चढल्या, गोण्या उतरवल्या आणि अण्णांच्या समोरच्या टेबलावर गावभरातून गोळा केलेले स्टीलचे डबे मांडायला लागल्या. एकावर एक, एकावर एक. प्रत्येकावर संस्थेचं नाव. टेबल भरलं तसे खाली मांडले. अण्णांचा चेहरा डब्यांच्या मागं दिसेनासा झाला.

"मावशी, हे काय चाललंय?" अण्णा डब्यांच्या मागून म्हणाले.

"तुमचं डबं. मंजूर म्हनायचं दिलं व्हतं ना, वरसाला एक? घ्या माघारी. आमचं आमाला द्या."

बायका खाली उतरल्या. भागूबाई पायरीपर्यंत आली आणि थांबली. काहीतरी राहिल्यासारखी मागं वळली. वरचा एक डबा उचलला, पदरानं आतून-बाहेरून स्वच्छ पुसला, झाकण लागतंय का ते बघितलं, आणि तो अण्णांच्या हातात दिला.

"ह्यो येवढा राहू द्या तुमाला," ती दारातल्या पोलिसांकडं बघत म्हणाली. "घरच्यांला रोज भाकर आणून द्याया लागंल."